मुलाखत देणे आणि घेणे

'नॅक'च्या भेटीनिमित्त विभागातले लोखंडी कपाट आवरताना जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली एक दोनशेपानी वही सापडली. तिच्या वेष्टनावर आमच्यापैकी एकाच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : 'माध्यमक्षेत्र : मुलाखतीची तयारी. संभाव्य प्रश्न व आदर्श उत्तरे'. प्रश्न एकूण १२०. पहिला, 'स्वतःविषयी थोडक्यात सांगा'. शेवटचा, 'आपणांस आमच्याच संस्थेत काम का करावयाचे आहे?' मधल्या ११८ प्रश्नांत 'दर्पण'चा पहिला अंक केव्हा निघाला, आगरकरांनी 'केसरी' का सोडला, शुद्धलेखनाचे नियम किती, लोकशाहीचा चौथा स्तंभ कशास म्हणतात, असा सगळा ऐवज होता. प्रत्येक उत्तर पाच-सात ओळींचे, घोटीव आणि निर्दोष. वही चाळताना आम्हांला आधी हसू आले, आणि मग हसणे आपोआप थांबले. या वहीने आमच्या एका विद्यार्थिनीचे जे नुकसान केले, त्याची नोंद कुठेतरी व्हावी असे वाटले, म्हणून हे टिपण.

आम्ही म्हणजे मराठी विभागातले दोघे सहकारी. एकाकडे भाषाविज्ञान आणि व्याकरण, दुसऱ्याकडे आधुनिक कविता. आमचे महाविद्यालय जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या पट्ट्यात आहे. आम्ही नोकरीला लागलो त्याच सुमारास, म्हणजे २००७-०८ या दोन वर्षांत, 'झी २४ तास', 'स्टार माझा' आणि 'आयबीएन-लोकमत' अशा तीन मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या. तोवर मराठी घेऊन एम. ए. झालेल्या मुलांपुढे दोनच वाटा असत : बी. एड., नाहीतर नेट-सेट. आता तिसरी वाट दिसू लागली. रात्री घरातल्या टीव्हीवर जी भाषा ऐकू येते ती आपल्या विषयाची आहे, हे मुलांच्या लक्षात आले. विभागात येऊन ती विचारू लागली, "सर, चॅनेलला लागायचं तर काय तयारी करायची?" आम्ही दोघांनीही आयुष्यात वृत्तपत्राच्या कचेरीची पायरी चढलेली नव्हती. पण शिक्षकाला 'माहीत नाही' म्हणणे जड जाते. आम्ही वही केली.

ही गोष्ट २०१२ सालची. ती मुलगी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वडिलांची दीड एकर केळीची बाग, घरी बोली लेवा गणबोली. तिच्या उच्चारात 'ळ'चा 'य' होई. केळीची 'केयी', डोळ्याचा 'डोया', जळगावचे 'जयगाव'. मुंबईतल्या एका वृत्तवाहिनीकडे तिने अर्ज केला होता आणि लेखी चाचणीचे बोलावणे आले होते. आम्ही कंबर कसली. सहा आठवडे रोज दुपारी तिला समोर बसवून 'केळी, गळती, तळमळ, दुष्काळ, जळगाव' असे शब्द म्हणून घेतले. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून तिचे तिलाच ऐकवले. 'ण' आणि 'न', दंततालव्य 'च' आणि तालव्य 'च', सगळे घासूनपुसून लख्ख केले. वहीतली सर्व उत्तरे तिला मुखोद्गत झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही लुटुपुटीची मुलाखत घेतली, तेव्हा ती एकदाही अडखळली नाही. आम्हांला धन्य वाटले.

चार दिवसांनी ती परत आली, विभागात खुर्ची ओढून बसली आणि काय घडले ते तिने सांगितले. लेखी परीक्षा तिने पार केली होती. आवाजाच्या चाचणीतही उत्तीर्ण झाली. 'ळ' चांगला आहे, असे कोणीतरी म्हणालेसुद्धा. शेवटी तिघांसमोर मुलाखत झाली. त्यांतल्या वयस्कर संपादकांनी तिचा अर्ज मिटून बाजूला ठेवला आणि विचारले, "वडिलांची केळीची बाग आहे म्हणता. आज भाव काय चाललाय?" तिने उत्तर दिले, "केळी हे जळगाव जिल्ह्याचे प्रमुख नगदी पीक असून जिल्ह्याच्या अर्थकारणाचा तो कणा आहे." संपादकांनी शांतपणे ऐकून घेतले. पुढे विचारले, "व्यापारी भाव पाडतात असं शेतकरी म्हणतात. नेमका कसा पाडतात?" ती गप्प राहिली. मग ते म्हणाले, "बरं, समजा मीच व्यापारी आहे. मला तीन प्रश्न विचारा." तिने क्षणभर आठवून पाहिले आणि विचारले, "आपल्याला या क्षेत्रात यावेसे का वाटले?"

आमच्या वहीतला तो चौदावा प्रश्न होता.

"तुला भाव माहीत नव्हता का गं?" आम्ही विचारले. तिने आमच्याकडे जरा नवलाने पाहिले. भाव तिला माहीत होता, आठवड्यापूर्वीच त्यांच्या बागेतली कापणी झाली होती. जाहीर झालेला भाव एक असतो आणि बांधावर हातात पडणारा दुसरा, हे तिला माहीत होते. वजनात दांड्याची घट धरतात, थंडीत साल काळवंडली की मालाला नाव ठेवून भाव उतरवतात, माल पिकत आला की शेतकऱ्याला थांबता येत नाही आणि समोरच्याला ते ठाऊक असते, हे सगळे तिने जेवणाच्या ताटावर ऐकलेले होते. मृगबाग कोणती, कांदेबाग कोणती, खोडाच्या पिलावर धरलेली पिलबाग कधी परवडते, करप्याने पान कसे वाळते, हेही ती आमच्यापुढे घडाघडा बोलली. बोलता बोलता 'केळी'ची पुन्हा 'केयी' झाली. आम्ही दोघेही ऐकत होतो आणि आमच्यापैकी कोणालाही ती दुरुस्त करावीशी वाटली नाही.

"मग तिथं हे का नाही सांगितलंस?"

"मॅडम, ते वहीत नव्हतं ना."

त्या मुलीला ती नोकरी मिळाली नाही. अशा ठिकाणी अर्ज करणाऱ्या बहुतेकांना मिळत नाही, हे खरे. पण आम्हांला लागून राहिले ते दुसरेच. त्याच वर्षी, त्याच वर्गात आम्ही बहिणाबाईंची कविता शिकवत होतो. १९५२ साली, बहिणाबाईंच्या निधनानंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली, आणि खानदेशातल्या शेतकरी घरातली बोली मराठी कवितेच्या मध्यभागी आली. हे सांगताना आमचा आवाज भरून येई. बोलीतून येणारे अनुभवाचे ज्ञान, प्रमाणभाषेला न सापडणारे शब्द, यांवर आम्ही फळा भरून लिहीत असू. सकाळी अकराच्या तासाला ज्या बोलीचे माहात्म्य सांगायचे, दुपारी तीन वाजता तीच बोली एका मुलीच्या जिभेवरून खरवडून काढायची, यांतली विसंगती आम्हांला सहा आठवड्यांत एकदाही जाणवली नव्हती.

येथे एक खुलासा करणे भाग आहे. बातमीपत्र वाचणाऱ्याला 'ळ' यायला हवा, याबद्दल आमचे मत आजही तेच आहे. विदर्भापासून कोकणापर्यंतच्या श्रोत्याला एकाच वेळी समजायचे, तर प्रमाण उच्चाराला पर्याय नाही. तिला 'ळ' शिकवला ही चूक नव्हती. 'ळ' शिकवताना, त्या शब्दाच्या मागे जे होते ते सांगण्यासारखे नाही, असे आम्ही तिला न बोलता शिकवले, ही चूक होती. तिला तिच्या ज्ञानाची लाज वाटू लागली आणि ते आम्हांला कळलेही नाही.

'मुलाखत' हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. हिंदीत 'मुलाक़ात' म्हणजे अजूनही नुसती भेट. मराठीने त्याला दोन क्रियापदे जोडली : मुलाखत देणे आणि मुलाखत घेणे. उमेदवार मुलाखत देतो, पत्रकार मुलाखत घेतो. आम्ही मुलांना देण्याची तयारी करून देत होतो, आणि ज्या व्यवसायासाठी ती तयारी होती त्याचे सारे काम घेण्याचे होते. त्या संपादकांनी अडीच मिनिटांत नेमके तेच तपासले. समोरची मुलगी उत्तर देते की प्रश्न विचारते, एवढेच त्यांना पाहायचे होते. आमच्या साऱ्या शिक्षणपद्धतीत विद्यार्थ्याने प्रश्न विचारल्याबद्दल गुण मिळतील अशी एकही जागा नाही. उत्तरपत्रिका हा शब्दच पाहा.

वही त्यानंतर कपाटात गेली. शनिवारी दुपारी आम्ही एक वर्ग सुरू केला, तो अधूनमधून खंड पडत आजही चालू आहे. त्यात पहिला नियम असा की तिथे आदर्श उत्तर कोणी लिहून द्यायचे नाही. मुलांना बाहेर पाठवायचे : आठवडी बाजारात, बसस्थानकावर, तलाठी कार्यालयात. परतताना प्रत्येकाने एक माहिती आणायची आणि ती कमीत कमी दोन जणांकडून पडताळून आणायची. एकदा एक मुलगा सकाळी सातची एस. टी. का बंद झाली हे विचारून आला. वाहक म्हणाला प्रवासी नाहीत, प्रवासी म्हणाले गाडीच वेळेवर येत नाही, आगारात सांगितले गाड्या कमी आहेत. तीन जणांची तीन उत्तरे ऐकून तो गोंधळला. "सर, आता यातलं खरं कोणतं?"

तेव्हा आमच्या ध्यानात आले की हा प्रश्न आमच्या विषयाला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले होते, म्हणून एकनाथांनी १५८४ साली प्रती ताडून पाहून संहिता शुद्ध केली. कोणती प्रत कोणाकडची, कोणता शब्द मागून घुसला, लेखनिकाची चूक कोणती आणि हेतू कोणता, हे पाहणे म्हणजे पाठचिकित्सा. ती आम्ही परीक्षेत दहा गुणांची टीप म्हणून विचारतो. आम्ही त्या मुलाला म्हणालो, वाहक, प्रवासी आणि आगार ही तीन हस्तलिखिते समज. कोणाला काय सांगण्यात सोय आहे ते पाहा, आणि मग वेळापत्रकाची जुनी प्रत मिळते का ते शोध. तो गेला आणि जुने वेळापत्रक घेऊन आला. मराठीच्या विद्यार्थ्याने वृत्तव्यवसायाच्या दारात रिकाम्या हातांनी उभे राहण्याचे कारण नाही, हे आम्हांला त्या दिवशी पटले. त्याच्या हातांत जे आहे ते कशाच्या उपयोगी पडते, हे आम्हीच त्याला कधी सांगितले नव्हते.

दुसरा भाग भाषांतराचा. उपसंपादकपदाच्या लेखी परीक्षेत भाषांतराचा उतारा असतोच, आणि आकाशवाणीच्या हंगामी वृत्तनिवेदकालाही अनुवाद यावा लागतो. हे काही आजचे नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढला तोच मुळी द्विभाषी, एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी. त्याची तारीख आम्ही मुलांकडून पाठ करून घेत होतो, पण दोन स्तंभांत एकच मजकूर लिहिताना विशीतल्या त्या माणसाला काय कष्ट पडले असतील, हे कधी करून पाहायला लावले नव्हते. करून पाहिले तेव्हा पहिल्याच शनिवारी वीसपैकी चौदा मुलांनी 'अडीच बिलियन'चे 'अडीच कोटी' केले. बिलियन म्हणजे शंभर कोटी, तेव्हा अडीच बिलियन म्हणजे अडीचशे कोटी. एका शब्दात दोनशे साडेसत्तेचाळीस कोटी रुपये नाहीसे झाले. त्यानंतर त्या मुलांनी आकडा न तपासता पुढे सरकल्याचे आम्ही पाहिले नाही.

तिसरी गोष्ट कानाची. बातमी मोठ्याने वाचायची आणि श्वास जिथे तुटेल तिथे वाक्य तोडायचे. या अभ्यासात सर्वांत वाईट वाक्ये आमची स्वतःची निघाली. 'सदर', 'उपरोक्त', 'या ठिकाणी', 'करण्यात येत आहे' यांनी आमची व्याख्याने भरलेली होती, आणि कर्ता व क्रियापद यांची भेट चौथ्या ओळीत होत होती. मुलांनी ती वाक्ये आमच्यादेखत तोडली. चौथी गोष्ट अगदीच साधी, टंकलेखनाची. २०१४ साली आमचा एक हुशार विद्यार्थी केवळ चाचणी संगणकावर होती म्हणून मागे पडला; दोन वर्षांत त्याने हाताखेरीज कशानेही मराठी लिहिले नव्हते. तेव्हापासून युनिकोडमधले मराठी टंकलेखन पहिल्याच महिन्यात शिकवले जाते. पाचवी गोष्ट आम्हांलाच शिकावी लागली. 'माहीत नाही, पण अमुक ठिकाणी विचारून सांगतो' हे वाक्य न ओशाळता म्हणता आले पाहिजे. आधी आम्ही ते वर्गात म्हणू लागलो.

वहीतल्या सत्त्याण्णवाव्या प्रश्नाविषयीही लिहिले पाहिजे. 'पगाराविषयी आपली काय अपेक्षा आहे?' आमचे आदर्श उत्तर : 'आपल्या संस्थेत अनुभव मिळणे हेच माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.' हे उत्तर आले कोठून, याचा आम्ही विचार केला. ते आमचेच होते. तासिका तत्त्वावर नेमणूक झाली तेव्हा आम्ही दोघांनीही समितीपुढे काहीच विचारले नव्हते. तासाला किती, सुटीत काय, कायम कधी होणार, यांतले काही विचारणे आम्हांला असभ्य वाटले होते. त्या सभ्यतेची किंमत आम्ही पुढे काही वर्षे मोजली आणि तीच सभ्यता मुलांच्या हातावर ठेवली.

वृत्तव्यवसायात तर हे विचारणे अधिकच गरजेचे. १९५५ साली श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला, तो वृत्तपत्रांपुरता होता. वाहिन्यांतल्या माणसांना त्याचा आधार नव्हता. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या, तरी करारावर घेतलेल्या कित्येकांपर्यंत त्या पोचल्या नाहीत. इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमांतला पत्रकार 'श्रमिक पत्रकार' या व्याख्येत आला, तो संसदेने २०२० साली संमत केलेल्या श्रम संहितेत. आणि त्याच २०२० च्या टाळेबंदीत वृत्तपत्रांची पाने कमी झाली, अनेक जिल्ह्यांतल्या वार्ताहरांचे काम गेले. आमच्या दोन माजी विद्यार्थ्यांचे फोन त्या उन्हाळ्यात आले. दोघांजवळही नियुक्तिपत्र नव्हते. दोघांनीही ते कधी मागितले नव्हते. म्हणून आता शनिवारच्या वर्गात हेही प्रश्न म्हणून घेतले जातात : नियुक्तिपत्र मिळेल का? करार किती महिन्यांचा? भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? रात्रपाळीनंतर घरी पोचण्याची काय सोय? बातमीमागे मोबदला असेल तर प्रवासखर्च कोणाचा? सुरुवातीला मुलांचा आवाज हे विचारताना खाली जातो. चौथ्या-पाचव्या वेळी सरळ होतो.

आज चित्र पुन्हा बदलले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला तेव्हा विभागात पेढे वाटले गेले, आणि पेढा खाता खाता एका मुलाने विचारले की इंग्रजी बातमीचे मराठी आता यंत्र काही क्षणांत करून देते, तर आम्हांला कोण घेणार? त्याला धीर देणारे घोटीव उत्तर आमच्याजवळ नव्हते. एवढेच म्हणालो की यंत्राने केलेला मजकूर नीट वाचून, त्यात कुठे काय चुकले हे ओळखणारा माणूस लागेल. पण अशी माणसे थोडी लागतील, आणि हे आम्ही तुझ्यापासून लपवून ठेवणार नाही. यंत्र 'बिलियन' चुकणार नाही कदाचित. पण बांधावर जाऊन दांड्याची घट कोण किती धरते, हे त्याला कोणीतरी विचारून आणल्याशिवाय कळायचे नाही.

आणि ती मुलगी? काही वर्षे तिने जिल्ह्यातल्या एका वृत्तपत्रासाठी बातमीमागे मोबदला घेऊन काम केले, बाजार समितीच्या बातम्या दिल्या, मग दुसऱ्या शहरात उपसंपादक झाली. गेल्या वर्षी आम्ही तिला शनिवारच्या वर्गात लुटुपुटीच्या मुलाखती घ्यायला बोलावले. मुले नीटनेटके कपडे घालून, अर्जाच्या प्रती घेऊन बसली होती. आम्ही सवयीने मागच्या बाकावर बसलो. तिने पहिल्या मुलाचा अर्ज उघडला, मिटला आणि म्हणाली, "आधी तू मला विचार. काय विचारायचं असेल ते."

वर्ग बराच वेळ शांत होता. मग मागून कोणीतरी चाचरत म्हणाले, "ताई, तुम्हांला पगार किती आहे?"

तिने आकडा सांगितला. पहिल्या वर्षी किती होता तेही सांगितले, आणि मधली दोन वर्षे किती महिने थकला होता तेही. मुलांनी वह्या उघडून लिहून घेतले. त्यानंतर मात्र प्रश्न थांबेनात, आणि त्या दिवशी ठरलेल्या बारा मुलाखतींपैकी एकही झाली नाही.